मामाची बोअर आणि मुंबई हायचं तेल

आमच्या कोरपना तालुक्यात चुनखडक दाखवायला कुणाला लांब न्यावं लागत नाही. गडचांदूर, आवारपूरकडं गेलं की खदानी, सिमेंटचे कारखाने आणि रस्त्याकडेच्या तुरीवर बसलेली पांढुरकी धूळ. तिकडं वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या. पानठेल्यावर खर्रा घोटताना पन्नीवर चिमूटभर चुना पडतो, तोही असाच भट्टीत भाजून निघालेला चुनखडक.

त्याच पानठेल्यावर मागच्या उन्हाळ्यात मामांनी मला गाठलं. मी भूशास्त्र शिकलेला, म्हणून गावात कुणाचीही बोअर कोरडी गेली की जाब मला विचारतात. पण या वेळी प्रश्न वेगळा होता. मामांनी कुठंतरी वाचलं होतं की मुंबई हायचं तेल चुनखडकातून निघतं. "मंग मले सांग बाप्पा, चुनखडक तं आपल्याइथंबी हाये. तेल तिकडं समुद्रातच काहून निंगते?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जगातल्या तेलाच्या ज्ञात साठ्यांपैकी निम्म्याहून जास्त साठा चुनखडक आणि त्याचा भाऊबंद डोलोमाइट यांत आहे, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. या दोघांना मिळून कार्बोनेट खडक म्हणतात. सौदी अरेबिया, इराण, इराक यांची श्रीमंती याच खडकांवर उभी आहे. तरी खदानीतला आपला चुनखडक फोडला तर आत फक्त चुनखडकच निघतो.

उत्तराची सुरुवात मामांच्याच वावरातून करावी लागली. मामांची एक जमीन काळ्या पाषाणाच्या बाजूला आहे. तिथं त्यांनी दोन बोअर मारल्या. पहिली अडीचशे फूट खाली जाऊनही धूळच ओकत राहिली. दुसरी तिच्यापासून चाळीस पावलांवर, तिला एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. खडक तोच, वावर तेच, पाऊसही तोच. पाणाड्यानं हातावर नारळ उभा केला म्हणून पाणी लागलं असं मामा मानतात, त्यात मी पडत नाही. दुसरी बोअर एका भेगाळलेल्या थरात शिरली, पहिली अखंड पाषाणात गेली, एवढंच. जमिनीखाली पाण्याचं तळं नसतं. पाणी खडकातल्या भेगांत आणि छिद्रांत असतं. तेलाचंही अगदी तसंच आहे. त्यामुळं तेल शोधणारा माणूस नुसता खडक शोधत नाही, खडकातली रिकामी जागा शोधतो. चुनखडकाची सगळी कथा ही जागा कशी तयार झाली, कशी बुजली आणि पुन्हा कशी उघडली याची आहे.

रेतीचा खडक आणि चुन्याचा खडक

वर्धा किंवा पैनगंगेच्या पात्रातली रेती ओंजळीत घ्या. ती तिथली नाही. वरचे डोंगर झिजले, नदीनं कण वाहून आणले, घासून गोल केले, जड कण आधी टाकले, हलके पुढं नेले. अशी रेती दबून वालुकाश्म होतो. कणांमध्ये जी फट राहते तीच त्याची साठवणीची जागा. नदी कुठून कुठं वाहत होती हे कळलं की जाड रेती कुठं सापडेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

चुनखडक मात्र बहुतेक वेळा जिथं जन्मतो तिथंच वाढतो. त्याला घडवतात जीव. पोवळी, शिंपले, समुद्री शेवाळ, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी प्राणी पाण्यातला कॅल्शियम घेऊन कवच बांधतात. मेले की कवच तळाशी पडतं. हा कारखाना चालायला तीन गोष्टी लागतात: ऊबदार पाणी, उथळ तळ आणि स्वच्छ प्रकाश. पोवळ्यांच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाला ऊन लागतं, म्हणून बहुतेक काम वरच्या काही मीटर पाण्यातच होतं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण तीस अंशांपर्यंतचे समुद्र त्याला सर्वांत मानवतात.

या कारखान्याचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे गढूळ पाणी. मोठी नदी जवळ गाळ ओतू लागली की पाण्यात ऊन शिरत नाही, कवचधाऱ्यांचे गाळण्याचे अवयव तुंबतात आणि चुना बनणं थांबतं. मुंबई हाय याचं चांगलं उदाहरण आहे. तो भाग किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर आत, समुद्राच्या तळावर एका उंचवट्यासारखा होता. दोन कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास तिथं उथळ, नितळ पाणी होतं आणि चुन्याचे थर साठत गेले. मधूनमधून चिखल यायचा, म्हणून चुनखडकाच्या दोन थरांमध्ये शेलचे म्हणजे चिखलाच्या दगडाचे पातळ पापुद्रे सापडतात. पुढं गाळाचा लोंढा वाढला आणि कारखाना कायमचा बंद पडला. हे ऐकून मामा म्हणाले, "वाईट झालं." वाईट नाही, पण ते नंतर.

मोकळे पोहे आणि गिच्च भात

एकाच समुद्रात, एकाच काळात बनलेला चुनखडक सगळीकडं सारखा नसतो. जिथं लाटा आदळतात तिथं बारीक चिखल वाहून जातो, कवचांचे जाड तुकडे आणि साबुदाण्यासारखे गोल चुन्याचे दाणे उरतात. मागच्या शांत खाडीत मात्र चुन्याचा मऊ चिखल बसतो. १९६२ साली रॉबर्ट डनहॅम या अमेरिकी भूशास्त्रज्ञानं चुनखडकांची जी वर्गवारी केली ती आजही विहिरीवर वापरतात, आणि तिचा गाभा इतका साधा आहे की स्वयंपाकघरात सांगता येतो: दाणे एकमेकांना टेकलेले आहेत, की चिखलात तरंगतायत? आणि चिखल मुळात आहे का? मोकळ्या पोह्यांतून हवा खेळते, गिच्च भातातून नाही. लाटांच्या जागी बनलेला खडक पोह्यांच्या जातीचा. तेलवाल्यांचा पहिला डोळा त्याच्यावर.

म्हणून प्राचीन समुद्राचा नकाशा काढायला इतकी धडपड असते. उथळ तळ कुठं होता, त्याची कडा कुठं होती, वारा कुठल्या बाजूनं यायचा. कॅनडात अल्बर्टामधल्या लेडूक इथं १९४७ साली जे तेल लागलं ते मुख्यतः जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन समुद्री भित्तीतलं होतं, आणि त्यानं त्या प्रांताचं नशीब पालटलं. आज तिथं गहू पिकतो, बर्फ पडतो. पण भित्ती बांधणाऱ्या जीवांनी तिथं ऊबदार समुद्र पाहिला होता.

एक फसगत मात्र सांगायला हवी. छिद्रं भरपूर असली म्हणजे तेल वाहील असं नाही. मोहोळाच्या पोळ्यात मध भरलेला असतो, पण प्रत्येक घर मेणानं बंद. पोळं उलटं धरलं तरी मध गळत नाही, कापावं लागतं. खडकात किती जागा आहे ही एक गोष्ट, त्या जागा एकमेकींना जोडलेल्या आहेत का ही दुसरी. चुनखडकात या दोन गोष्टींचं एकमेकींशी बहुधा जमत नाही. शिंपला विरघळून त्याच्या आकाराची पोकळी राहिली, पण शेजारच्या पोकळीपर्यंत वाटच नाही, असे नमुने भिंगाखाली हमखास दिसतात.

दगड झाल्यावरही तो गप्प बसत नाही

माझ्या मते खरी मजा इथं आहे, आणि तेल कंपन्यांची खरी डोकेदुखीही इथंच.

रेतीचे दाणे मुख्यतः गारेचे, म्हणजे गारगोटीचे असतात. गार हट्टी असते, सहज विरघळत नाही. चुना मात्र पाण्याशी सतत देवाणघेवाण करतो. आपल्याकडं बोअरचं पाणी उकळलं की भांड्याच्या तळाला पांढरा थर चढतो ना? तो पाण्यात विरघळून आलेला चुनाच. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, चुनखडकात शिरतं, त्याला विरघळवतं, पुढं जातं आणि परिस्थिती बदलली की तोच चुना दुसरीकडं टाकून देतं. बस्तरमधल्या कोटमसर गुहेत कुणी गेलं असेल तर दोन्ही कामं एकाच जागी दिसतात: गुहा पाण्यानं खोदली आणि छताला लटकणारे चुन्याचे सुळे त्याच पाण्यानं बांधले.

ताज्या चुन्याच्या गाळात चाळीस ते सत्तर टक्के जागा रिकामी असते. निम्म्याच्या आसपास पोकळी! पण तेल देणाऱ्या जुन्या चुनखडकात सहसा पाच ते पंधरा टक्केच उरते. बाकीची जागा दाबानं आणि चुन्याच्याच सिमेंटानं भरून जाते. कवचांचा चुना बऱ्याचदा ॲरागोनाइट नावाच्या नाजूक रूपात असतो. तो विरघळतो आणि त्याचाच कॅल्साइट होऊन शेजारच्या फटीत जाऊन बसतो. म्हणजे घरातल्या एका भिंतीच्या विटा काढून दुसऱ्या खोलीचं दार बुजवण्यासारखं.

समुद्राची पातळी खाली गेली आणि चुन्याचा तळ काही हजार वर्षं उघड्यावर आला, तर पावसाला मोकळं रान मिळतं. मुंबई हायच्या मुख्य साठ्यात असंच झालं. थर पुनःपुन्हा उघडे पडले, पावसानं त्यांत पोखरण केली आणि आजची बरीचशी साठवण त्या पोखरलेल्या जागांत आहे. पण पाऊस कुठं मुरेल, कुठून वाहील याचा नेम नसतो. म्हणून एका विहिरीत उत्तम छिद्रं, पलीकडच्या विहिरीत ठणठणीत दगड. मामांच्या दोन बोअरींची गोष्ट, फक्त समुद्राखाली आणि कोट्यवधी रुपयांची.

कधी पोखरण इतकी मोठी होते की जमिनीखाली चक्क गुहा असतात. खोदताना ड्रिल बिट अचानक मोकळं पडतं, आणि वरून सोडलेला चिखलपाण्याचा द्रव आत गेला तो परत येतच नाही. रिगवरच्या लोकांचा घसा तेव्हा कोरडा पडतो, कारण विहिरीतला दाब त्याच द्रवानं तोललेला असतो.

मग डोलोमाइट. चुनखडकातून मॅग्नेशियमनं भरलेलं खारट पाणी दीर्घकाळ फिरलं तर कॅल्शियमच्या काही जागा मॅग्नेशियम पटकावतो. आपल्या चंद्रपूर-यवतमाळ भागात डोलोमाइट निघतो, त्यामुळं नाव अनोळखी नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब चुनखडकावर टाकला की लगेच फसफसतं. डोलोमाइट ढिम्म राहतो, पण चाकूनं खरवडून त्याची पूड केली की तोही हळूहळू फसफसू लागतो. मामांच्या बांधावरचे दोन दगड मी असे तपासले, तेव्हा पोरांची गर्दी जमली होती.

तेलाच्या दृष्टीनं डोलोमाइटचं महत्त्व असं, की अदलाबदल कणाला कण झाली तर नवा स्फटिक जुन्यापेक्षा सुमारे बारा-तेरा टक्के कमी जागा घेतो. खडक तेवढा मोकळा होतो, शिवाय साखरेसारखे दाणेदार स्फटिक बनले तर फटी एकमेकींना जोडल्या जातात. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात पाणी येताना आणखी कार्बोनेट घेऊन येतं आणि अति डोलोमाइट होऊन हीच फट गच्च भरते. डोलोमाइट म्हणजे चांगला साठा हे समीकरण म्हणूनच मला अर्धवट वाटतं. तो दाबाखाली चुनखडकापेक्षा कमी चेपतो, खोलवर छिद्रं टिकवतो, हा त्याचा खरा आणि जास्त भरवशाचा गुण.

दाबाचं काम कुठं दिसतं? चुनखडकाची घासलेली फरशी नीट पाहा. काही फरश्यांवर करवतीच्या दात्यांसारखी काळपट रेघ असते. ती भेग नाही. वरच्या थरांच्या वजनानं खडक तिथं विरघळून एकमेकांत रुतलाय आणि न विरघळलेली घाण रेघेत साचलीय. विरघळलेला चुना जवळच्या छिद्रांत जाऊन बसतो. त्याआधीच छिद्रांत तेल शिरलं असेल तर पाण्याची ये-जा कमी होते आणि सिमेंट बसण्याचा वेग मंदावतो. तेल कधी आलं हा प्रश्नही म्हणून महत्त्वाचा.

उत्तर समुद्रातलं एकोफिस्क हे १९६९ साली सापडलेलं तेलक्षेत्र या नियमाला छान वाकुल्या दाखवतं. तिथला खडक म्हणजे खडूचा खडक, सूक्ष्म शेवाळाच्या चकत्यांचा. तीन किलोमीटर खोल असूनही कुठं कुठं तीस-चाळीस टक्के पोकळी शिल्लक, कारण आतल्या द्रवाचा दाब वरचं वजन पेलत होता. तेल काढत गेले तसा दाब घटला आणि मऊ खडू बसत गेला. समुद्राचा तळच इतका खचला की १९८७ साली तिथले पोलादी प्लॅटफॉर्म जॅक लावून सहा मीटर उचलावे लागले.

भेगांचा खेळ

इराणमध्ये १९०८ च्या मे महिन्यात मस्जिद सुलेमान इथं जे तेल उसळलं ते अस्मारी चुनखडकातलं. हा खडक तसा घट्ट. पण झाग्रोस पर्वत घडताना तो घडी घातलेल्या चादरीसारखा वाकला आणि वाकताना तडकला. बारीक छिद्रांत साठा आणि भेगा म्हणजे रस्ते, अशी वाटणी झाली.

भेगांनी फायदा होतो तसा घातही होतो. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिलं पाणी सोडलं की ते सरळ भेगांतून खाली पळतं, ढेकळं आतून कोरडीच. तेलक्षेत्रात दाब टिकवायला आणि तेल ढकलायला पाणी सोडतात, तेव्हा भेगाळ चुनखडकात हेच होतं: पाणी भेगेतून पळत शेजारच्या विहिरीत पोचतं, आणि खडकातलं तेल जागच्या जागी. त्यात चुनखडकाच्या छिद्रांच्या भिंतींना तेल चिकटून बसण्याची खोड असते. त्यामुळं कित्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं. चुना आम्लात विरघळतो याचा इथं मात्र उपयोग करून घेतात: विहिरीत आम्ल सोडून तिच्या भोवतीच्या वाटा मोकळ्या करतात.

आता झाकणाचं. तेल पाण्यापेक्षा हलकं, वर वर सरकत राहतं. वर घट्ट झाकण नसेल तर जमिनीवर येऊन उडून जातं. सौदीतल्या घवारचा साठा, लांबी सुमारे २८० किलोमीटर, त्याच्या डोक्यावर ॲनहायड्राइटचा, म्हणजे पाणी नसलेल्या जिप्समचा थर बसलाय. तिथला उथळ समुद्र आटत आटत क्षार टाकून गेला आणि चुन्याच्या कारखान्यानं स्वतःचंच झाकण बनवलं. मुंबई हायला ते काम गाळानं केलं. ज्या चिखलानं चुना बनणं थांबवलं त्याचाच शेल झाला आणि तेल अडलं. मामांना वाईट वाटलेली गोष्ट ती हीच.

मग आपल्याकडं काय कमी?

तेल मुळात चुनखडकात बनत नाही, निदान बहुधा नाही. सूक्ष्म जीवांनी भरलेला काळा चिखल खोल गाडला जाऊन साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला लाखो वर्षं शिजला की तेल सुटतं आणि साठ्यापर्यंत चालत येतं. मुंबई हायला हे शिजणं शेजारच्या खोलगट भागांत झालं. गंमत म्हणजे तिथं बऱ्याच भागात तळाशी आपलाच काळा पाषाण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा जो लाव्हा यवतमाळ-अमरावतीच्या कपाशीखाली आहे, तोच तिकडं समुद्राखाली चुनखडकाचा पाया झालाय. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या समुद्रात खोदणाऱ्या रिगनं तिथं तेल गाठलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं.

आपला कोरपना-वणीचा चुनखडक त्या पायाहूनही कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांच्या घरातला. शिंपला नावाची चीज तेव्हा जन्मालाच आली नव्हती. त्यामुळं कवचांच्या आकाराची छिद्रं त्यात असणंच शक्य नाही. इतक्या काळात सिमेंट बसून तो घट्ट झालाय, वर उचलला गेलाय, झिजून उघडा पडलाय. जो खडक खदानीत उन्हात दिसतो त्याच्या डोक्यावर झाकण नाही हे तर भूशास्त्र न शिकताही कळतं. सिमेंटला लागतो तसाच घट्ट आणि उघडा तो आहे, तेलाला लागतो नेमका त्याच्या उलट.

नुसतं वय हा मात्र नकार नव्हे. ओमान आणि सायबेरियात अशाच अतिप्राचीन थरांत तेल-गॅस आहे. मध्य प्रदेशात दमोहकडं, विंध्य खोऱ्यातल्या प्राचीन चुनखडकातही गॅस लागलाय. तिथं तो थर खोल गाडलेला आहे, वर झाकण आहे.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी खर्ऱ्याची पन्नी दुमडली आणि विचारलं, "मंग त्या कोरड्या बोअरीत पाचशे फूट गेलो असतो तं?"

पाचशे फुटांवरही पाषाणच लागला असता. तेवढं मात्र मी छातीठोक सांगितलं.